टीव्ही मुका, रेडिओ चालू

आयर्लंडमधल्या कितीतरी घरांत एक रीत होती. रविवारी दुपारी टीव्ही लागायचा. डब्लिनच्या क्रोक पार्कचं मैदान पडद्यावर यायचं, पंधरा-पंधरा गडी बँडच्या मागून मैदानाला फेरी मारायचे, आणि पंचाने चेंडू टाकायच्या आत घरातलं कुणीतरी उठून टीव्हीचा आवाज बंद करायचं. मग रेडिओ लागायचा. चित्र टीव्हीचं, शब्द रेडिओचे. टीव्हीवरचे समालोचकही जाणते होते, त्यांच्यावर कुणाचा राग नव्हता. पण रेडिओवर मीहॉल ओ मुरहर्टी बोलत असताना दुसऱ्या कुणाचं ऐकणं लोकांना जमायचं नाही.

२५ जून २०२४ रोजी ते गेले. वय ९३. समालोचन सोडून त्यांना चौदा वर्षं होत आली होती. त्यांच्यावाचून सामने पाहायची सवय देशाला लागलेली होती. तरी ती बातमी जिव्हारी लागली. माणूस हयात आहे तोवर त्याचा आवाज नुसता थांबलेला असतो, माणूस गेला की तो संपतो. मैदान न पाहता नुसत्या कानांनी सामने ऐकत जी पिढी वाढली, ती कुठल्याही देशाची असो, तिला हे संपणं कळेल.

त्यांचा जन्म १९३० सालचा, केरी काउंटीतल्या डिंगलजवळच्या डून शीअनचा. समोर अटलांटिक, घरची शेती, आणि कानावर आयरिश भाषा. डिंगलकडे वेड गेलिक फुटबॉलचं. आयर्लंडचा दुसरा देशी खेळ हर्लिंग. त्यात अ‍ॅश लाकडाच्या पसरट टोकाच्या काठीने, म्हणजे हर्लीने, क्रिकेटच्या चेंडूएवढा पण वजनाला हलका स्लिटर मारायचा. या मुलाने तो खेळ पाहिलेलाही नव्हता. डब्लिनच्या अध्यापक विद्यालयात शिकत असताना, १९४९ साली, आयरिशमधून समालोचन करू शकणारा तरुण रेडिओला हवा होता. विद्यार्थ्यांची एक तुकडी चाचणीसाठी क्रोक पार्कवर गेली आणि सामना निघाला नेमका हर्लिंगचा! मैदानावर ओळखीचा एकच जण, एका संघाचा गोलरक्षक. तो डिंगलच्या शाळेत शिकलेला. माइक हाती आला तसा या पठ्ठ्याने तोंडानेच त्या गोलरक्षकाकडून एक जबरदस्त फटका अडवून घेतला, त्याच्याच हर्लीने चेंडू लांब भिरकावला, आणि चेंडू सीमारेषेबाहेर गेला तेव्हा तो मारायला ऐंशी यार्ड धावत आला तोही तोच गोलरक्षक! ही गोष्ट ते पुढे रंगवून सांगत. निवड त्यांचीच झाली. १७ मार्च १९४९ रोजी, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, रेल्वे कपचा अंतिम फुटबॉल सामना त्यांनी आयरिशमधून सांगितला. वय अठरा.

या गोष्टीवर लोक हसतात. मला तिच्यात त्यांची पुढची साठ वर्षं दिसतात. अनोळखी खेळात, अनोळखी गर्दीत त्या मुलाने आधी आपल्या गावचा माणूस शोधला. पुढे प्रत्येक ऐकणाऱ्यासाठी त्यांनी तेच काम केलं. तीस खेळाडूंमधून ज्याच्या-त्याच्या गावचा माणूस शोधून दिला.

हे काम का लागतं, ते या खेळांच्या घडणीतच आहे. १८८४ साली थर्ल्स गावातल्या हेज हॉटेलमध्ये गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली, आणि तेव्हापासून आजवर इथल्या खेळाडूला खेळण्याचा पगार मिळत नाही. ८२ हजार माणसांसमोर रविवारी खेळलेला पोरगा सोमवारी शाळेत शिकवायला जातो, गाईंच्या धारा काढतो, नाहीतर बँकेत बसतो. तो क्लबकडून खेळतो म्हणजे आपल्या पॅरिशकडून खेळतो, आणि त्यातून वर आला की आपल्या काउंटीकडून. लिलाव नाही, बोली नाही. त्यामुळे त्याचं नाव गावाशिवाय पुरं होत नाही. मैदानात धावणारा कुणाचा मुलगा, कुणाचा भाचा, कुठल्या डोंगरापलीकडचा, हे सांगितलं की मगच त्याची ओळख होते.

हे सांगणारा आवाज त्यांच्या आधीही होता. २९ ऑगस्ट १९२६ रोजी डब्लिनच्या टूआरएन केंद्रावरून किलकेनी आणि गॉलवे यांच्यातला हर्लिंगचा उपांत्य सामना पॅडी मेहिगन यांनी थेट सांगितला. युरोपात मैदानी खेळाचं रेडिओवरून केलेलं हे पहिलं धावतं समालोचन मानतात. १९३८ साली मायकल ओ'हेअर नावाचा अठरा वर्षांचा मुलगा मलिंगरच्या मैदानावर माइकसमोर बसला आणि पुढची सत्तेचाळीस वर्षं तो आवाज म्हणजेच सामना, असं समीकरण झालं. रेडिओ मोजक्या घरांत. त्या घरांच्या खिडक्या उघड्या ठेवलेल्या, अंगणात शेजारीपाजारी उभे, भिंतीला सायकली टेकलेल्या.

१९४७ सालचा फुटबॉलचा अंतिम सामना न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर झाला. ज्या दुष्काळाने लाखो माणसं मारली आणि लाखोंना बोटीत बसवून अमेरिकेला पाठवलं, त्याला तेव्हा शंभर वर्षं झाली होती. केरी विरुद्ध कॅव्हन. अटलांटिकपलीकडे आवाज नेणारी लाइन घेतली होती संध्याकाळी पाचपर्यंत, आणि मानवंदना-स्वागतांत सामना सुरू व्हायलाच उशीर झालेला. पाच वाजत आले, खेळ बाकी. ओ'हेअर यांनी चालू समालोचनातच विनवणी सुरू केली, की या मार्गावर कुणी ऐकत असेल तर आणखी पाच मिनिटं द्या. समोर कुणी अधिकारी नव्हता. कुठल्यातरी यंत्रापाशी बसलेल्या अनोळखी माणसाला ते विनवत होते, आणि लाइन राहिली. कॅव्हन २-११, केरी २-७ (आधी गोल, मग गुण). ज्या गावांतून माणसं देशोधडीला लागली होती, तिथली घरं त्या रात्री न्यूयॉर्ककडे कान लावून बसली होती.

१९६१ च्या शेवटच्या रात्री आयरिश टेलिव्हिजन सुरू झालं आणि १९६२ पासून अंतिम सामने पडद्यावर दिसू लागले. थेट दिसत ते मोजकेच. जुलै १९७९ मध्ये ‘द संडे गेम’ आला तेव्हा रविवारच्या रात्रीला एक जागा मिळाली. देशभर विखुरलेल्या मैदानांवर दिवसभर जे घडलं ते तिथे एकत्र व्हायचं. मायकल लिस्टर १९८४ पासून २०१८ पर्यंत त्या मेजामागे बसले. दोन्ही बाजूंना जुने खेळाडू एकमेकांवर तुटून पडायचे आणि लिस्टर शांतपणे पुढचा प्रश्न विचारायचे. त्यांच्यानंतर, स्वतः डब्लिनकडून फुटबॉल खेळलेल्या जोअ‍ॅन कँटवेल तिथे आल्या आणि प्रश्नांना धार चढली. ही माणसं घरातली होती. सोमवारी चर्चच्या पायऱ्यांवर, गुरांच्या बाजारात, गुत्त्यात भांडणं व्हायची ती त्यांनी रात्री काढलेल्या विषयांवर. त्यांचं ऋण मोठं आहे.

पण चित्राचा एक स्वभाव असतो. ते मैदानावर जे आहे तेवढंच दाखवतं. जो तिथे नाही त्याची चित्रात सोय नसते.

ओ मुरहर्टी मास्तर ती सोय करायचे. मास्तर म्हणतो, कारण १९८० च्या दशकापर्यंत ते खरोखर शाळेत शिकवत होते; हिशेब, अर्थशास्त्र आणि आयरिश. डब्लिनमध्ये राहणाऱ्या केरीच्या खेळाडूंचा सरावही तेच घ्यायचे. १९८५ च्या ऑगस्टमध्ये ओ'हेअर यांना पक्षाघात झाला आणि मोठ्या सामन्यांचा रेडिओचा माइक पूर्णपणे त्यांच्याकडे आला.

हर्लिंग सांगणं म्हणजे जिभेची परीक्षा. गोलरक्षकाने टोलवलेला स्लिटर अर्धं मैदान ओलांडून जातो. हवेत चार हर्ली एकदम भिडतात, आणि कोणाची लागली हे कळायच्या आत चेंडू दुसऱ्या टोकाला. आडव्या दांडीवरून गेला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन. पांढऱ्या कोटातला पंच गुणासाठी पांढरं निशाण हलवतो, गोलसाठी हिरवं. तो निशाण उचलायला वाकतो आणि चेंडू पुन्हा खेळात येतो, या मधल्या काही सेकंदांत मास्तर त्या पोराचं गाव सांगायचे. त्याच्या आजोबांनी कुठल्या साली याच टोकाला गोल मारला होता ते सांगायचे. मधेच आयरिशमध्ये शिरून, तिकडून एखादा शब्द उचलून परत यायचे. कॉर्कचे दोन मॅकार्थी एकमेकांकडे चेंडू देत असताना, दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही, हे त्यांनी सांगितलं. आणि चेंडू परत आला तेव्हा, अजूनही नातं नाही, हेही सांगितलं. हर्लिंगपटू शॉन ओग ओ हॅलपीनचे वडील फर्मॅनाचे आणि आई फिजीची, आणि दोन्हीकडे हर्लिंगचं काही चालत नाही, हे त्यांचं वाक्य आजही लोक एकमेकांना ऐकवतात. ऐकणारे पोट धरून हसायचे. हसता हसता तो फिजीच्या आईचा मुलगा कॉर्कचा होऊन जायचा, कायमचा.

आणि मग दूरच्यांची नावं. परदेशात सेवा करणारे धर्मगुरू आणि नर्स, लेबनॉनमध्ये शांतिसेनेत असलेले सैनिक, बांधकामावर राबणारे, आजारपणाने अंथरुणाला खिळलेले. वर्गात मास्तर हजेरी घेतात ती आलेल्यांची. यांनी आयुष्यभर न आलेल्यांची हजेरी घेतली. आपलं नाव पुकारलं गेलं की माणूस असेल तिथून ‘हजर’ म्हणतो.

सप्टेंबर २०१० मध्ये त्यांनी शेवटचा अंतिम सामना सांगितला; कॉर्कने डाऊनला एका गुणाने हरवलं. २४ ऑक्टोबर २०१२ रोजी आयर्लंडमधलं जुनं अ‍ॅनालॉग टीव्ही प्रसारण बंद झालं. डिजिटल चित्र आधी दाबून बारीक करावं लागतं, मग घरच्या पेटीत उलगडावं लागतं, आणि त्यात काही सेकंद जातात. रेडिओ मात्र तसाच सरळ येतो. त्यामुळे टीव्ही मुका करून रेडिओ लावला, तर रेडिओवर गोल होऊन आरोळ्या उठलेल्या असतात आणि पडद्यावर चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर. दोघांना जोडून ठेवणारा कुणी उरला नाही, चित्र आणि आवाज आपले आपणच विभक्त झाले.

१४ एप्रिल २०२३ रोजी रेडिओची लाँगवेव्हही गेली. मीथ काउंटीतल्या क्लार्क्सटाउनला २४८ मीटर उंच मनोरा होता. त्याच्या लहरी समुद्र ओलांडून इंग्लंडात जायच्या. तरुणपणी बोटीने गेलेले, तिथेच म्हातारे झालेले मजूर २५२ वर काटा लावून घरचा सामना ऐकायचे. त्याच जुलैमध्ये तो मनोरा पाडला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कॉर्क आणि टिपरेरी यांच्यात ४-१९, २-२५ असा बरोबरीचा, श्वास रोखायला लावणारा सामना झाला, तो देशातल्या देशात पैसे भरून इंटरनेटवरच पाहता आला. खेळाडू फुकट खेळतो, गाव फुकट राबतं, आणि म्हाताऱ्या आजोबांना नातवाला विचारावं लागतं की बाबा, ते कुठे दाबायचं. याचा लोकांना राग आला, तो रास्त होता.

नव्या सोयींनी दिलेलंही मी मानतो. आज सिडनीतली मुलगी पहाटे उठून आपल्या काउंटीचा सामना डोळ्यांनी पाहते. तिच्या आजीला नुसत्या आवाजावर भागवावं लागलं होतं. दूर असणं आता पूर्वीइतकं आंधळं नाही. म्हणूनच तिच्याशी बोलणारं कुणीतरी पूर्वीपेक्षा जास्त हवं. जिला सगळं दिसतं तिला आपण तिथे नाही हेही लख्ख दिसतं.

मास्तर, तुम्ही गेल्यावर महिन्याच्या आत, २१ जुलैला, हर्लिंगचा अंतिम सामना झाला. क्लेअर ३-२९, कॉर्क १-३४, जादा वेळेत, एका गुणाने. क्लेअरचा टोनी केली चेंडू हर्लीवर तोलत, बचावाला चकवत आत शिरला आणि त्याने तो गोल मारला. सगळ्या कोनांतून आम्ही तो पाहिला, संथ गतीने पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला. तो बॅलीआ क्लबचा. बॅलीआत त्या क्षणी कोण कोण असेल, कोणाच्या डोळ्यांना पाणी आलं असेल, बॅलीआ सोडून गेलेलं कोण कुठल्या शहरात एकटं ओरडलं असेल, हे तुम्हाला ठाऊक असतं. निशाण वर जायच्या आत तुम्ही ते सांगितलं असतं.

तुमच्यासारखं बोलायला जाऊ नये, हे माइकवर बसणाऱ्या नव्या मुलामुलींना कळतं आणि ते बरं आहे. नक्कल तुम्हालाही आवडली नसती. मात्र तुमची तयारी त्यांनी घ्यावी. सरावाला जाऊन उभं राहावं, आईवडिलांशी बोलावं, गावाचं नाव तिथली माणसं उच्चारतात तसं उच्चारायला शिकावं. गुणफलक यंत्र सांगेल, वेग यंत्र मोजेल. हा पोरगा कुणाचा, हे माणसाने माणसाला सांगायचं असतं. आणि ज्यांना ते ऐकायचं आहे त्यातले निम्मे लोक नेहमीच मैदानापासून फार लांब असणार आहेत. त्यांना धरून बोला.