धरण्यापुरतं

लाकडापेक्षा गोंद जड असतो. बाल्साची विमानं करणाऱ्याला हे एक वाक्य आधी पाठ हवं, बाकीचं हळूहळू येतं. हलक्या बाल्साचा घन सेंटिमीटरभर तुकडा 0.1 ते 0.15 ग्रॅम भरतो. तेवढ्याच आकाराचा वाळलेला गोंद, जात कुठलीही घ्या, एक ग्रॅमच्या आसपास किंवा वरच जातो. इक्वेडोरमध्ये पाच-सात वर्षांत भराभर वाढणारं, नखाने दाबलं तरी खळगा पडणारं हे लाकूड आपण पैसे मोजून आणतो आणि जिवापाड जपून कापतो, ते केवळ त्याच्या हलकेपणासाठी. मग सांध्यासांध्यावर दोन थेंब जास्तीचे सोडून तो हलकेपणा हसत हसत घालवून बसतो.

‘कुठला गोंद सगळ्यांत चांगला?’ हा नवशिक्याचा पहिला प्रश्न. मैदानावरचे जुने काका त्याला सरळ उत्तर देत नाहीत. ‘कुठे लावणार आहेस ते सांग आधी,’ एवढंच म्हणतात आणि पुन्हा आपल्या इंजिनात डोकं घालतात. पोराला वाटतं, काका टाळताहेत. काकांच्या लेखी तेच उत्तर असतं.

खरं तर ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. संक्रांतीचा फाटलेला पतंग भाताच्या शितांनी सांधायचा, आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या गव्हाच्या खळीने लावायच्या, पाकिटाचं तोंड डिंकाने बंद करायचं. सुताराचा सरस यांतल्या कशालाच चालायचा नाही. त्याचं काम चौकटीच्या कुसांत, आणि तो वितळवताना नाकाला रुमाल लावायचा. कुणी शिकवलं नव्हतं, पण कुठल्या कामाला काय, यात गल्लत होत नसे. शितं जास्त झाली की पतंग एका अंगाला कलायचा, मग दुसऱ्या अंगाला कागदाचा तुकडा चिकटवून तोल साधायचा. विमानाच्या समतोलाचा पहिला धडा आपल्यातल्या पुष्कळांनी असा गच्चीवरच गिरवलेला असतो.

एनसीसीच्या एअर विंगमध्ये ज्यांनी एरोमॉडेलिंगला सुरुवात केली, त्या जुन्या पिढीच्या हाताला बाल्सा सिमेंटचा वास आहे. नायट्रोसेल्युलोज अॅसिटोनसारख्या द्रावकात विरघळवलं की हे सिमेंट होतं. वास गोडसर, थेट डोक्यात जाणारा. पंखाची रिब, म्हणजे आडवी फासळी, स्पारला, म्हणजे लांबीच्या दांड्याला, जोडायची असते तेव्हा रिबच्या टोकाशी लाकडाच्या बारीक नळ्यांची तोंडं उघडी असतात. चहात धरलेल्या खारीत चहा चढावा तसा पहिला थेंब त्यांत चढून जातो आणि वर काहीच उरत नाही. सांधा दिसतो जोडलेला, पण असतो उपाशी. म्हणून जाणता माणूस उदबत्तीच्या काडीच्या टोकाने दोन्ही तोंडांना आधी नुसता ओलावा देतो आणि तो सुकू देतो. मग दुसरा हात, अगदी बारीक. रिब टाचणीने जागेवर. खाली आराखड्यावर मेणकागद, नाहीतर पंख आराखड्यासकट उचलावा लागतो. सांध्याच्या कडेने जी कणभर रेघ बाहेर येते ती बोटाने सारवायची नाही, कोरड्या काडीने अलगद उचलून घ्यायची.

द्रावक उडून गेला की सिमेंट आकसतं, आणि आकसताना लाकडाला आपल्याकडे ओढतं. फ्यूजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, जाड पट्ट्यांना त्याचं काही वाटत नाही. शेपटीच्या नाजूक काड्या मात्र त्या ओढीने वाकतात, आणि शेपटी वाकडी असली की विमान सरळ जायचं नाव घेत नाही. तिथे सिमेंट घालायचंच तर निम्मं.

मग आपल्याकडे पांढरा गोंद आला. बळवंत पारेख यांनी 1959 मध्ये फेव्हिकॉल बाजारात आणला, त्याने सुतारांची सरस तापवण्याच्या कटकटीतून सुटका केली. विमानवाल्यांनी तो सुतारांकडून उसना घेतला. यात पॉलिव्हिनाइल अॅसिटेटचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. थोडं पाणी लाकडात मुरलं, थोडं हवेत गेलं, की कण एकमेकांना धरतात. त्याची खरी देणगी म्हणजे वेळ. रिब तिरकी बसली, गुण्या लावून पाहिली, पुन्हा हलवली, तरी तो कुरकुरत नाही. डोळे चुरचुरत नाहीत, त्यामुळे रात्री जेवणं झाल्यावर घरातल्याच टेबलावर काम काढता येतं. दोष पाण्याचाच. बाल्साच्या पातळ शीटवर तो पसरला तर शीट एका अंगाने फुगते आणि वळते. वाळल्यावरही तो किंचित रबरी राहतो. सँडपेपर फिरवला की शेजारचं मऊ लाकूड झिजतं आणि गोंदाची रेघ मात्र वर उभी राहते. बाहेरून घासायच्या सांध्याला तो नको, आतल्या सांगाड्याला उत्तम.

ज्यांना धीर नाही त्यांच्यासाठी सायनोअॅक्रिलेट. मैदानावर त्याला सीए म्हणतात, घरोघरी फेव्हिक्विक. 1942 मध्ये अमेरिकेत ईस्टमन कोडॅकमधले हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. हाती आलेला पदार्थ दिसेल त्याला चिकटत होता, म्हणून तो बाजूला पडला. 1951 मध्ये त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी तसलाच पदार्थ तपासायला रिफ्रॅक्टोमीटरच्या दोन प्रिझमांमध्ये घातला, तर ते महागडे प्रिझम सुटेचनात. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, आणि 1958 मध्ये ‘ईस्टमन 910’ या नावाने तो विक्रीला आला.

सीएला घट्ट व्हायला ओलावा लागतो. तो लाकडात असतो, हवेत असतो आणि दुर्दैवाने बोटांतही असतो. त्याने कामाचा क्रमच उलटा केला. इतर गोंद आधी लावायचे आणि मग जुळवायचं, इथे आधी कोरडंच जुळवायचं, टाचण्यांनी पक्कं करायचं आणि मग फटीच्या तोंडाशी एक थेंब सोडायचा. तो आतल्या आत धावतो, डोळ्यांना झोंबणारी वाफ येते, आणि झालं. ज्याचं कापणं चोख, त्याला पातळ सीए भरभरून देतो. फट मोठी असेल तर तो तिच्यातून वाहून जातो आणि टेबलाला विमान चिकटवतो. शिवाय तो ठिसूळ. सावकाश ओढलं तर धरतो, टोला बसला की तडकतो.

टोल्याच्या जागी इपॉक्सी. आपल्याकडे कुठल्याही कंपनीचं असलं तरी त्याला अरल्डाइटच म्हणतात. दोन नळ्या, एकीत राळ, दुसरीत हार्डनर, सारख्या मापाने काचेच्या तुकड्यावर काढून काडीने घोटायचं. हे वाळत नाही, दोन्हींच्या रासायनिक संयोगाने घट्ट होतं, म्हणून आकसत नाही आणि फटही भरून काढतं. इंजिन ज्या लाकडी भिंतीवर बसतं ती, चाकांच्या तारा, दोन पंख मधोमध जिथे कोनात मिळतात तो सांधा, इथे हात आखडायचा नाही. फक्त शेपटीकडे ते नेऊ नये. समजा, गुरुत्वमध्यापासून शेपटी नाकाच्या तिप्पट लांब आहे. शेपटीत एक ग्रॅम गोंद जास्त गेला तर तोल साधायला नाकात तीन ग्रॅम शिसं घालावं लागतं. चुकला एक ग्रॅम, वाढले चार. आणि ते चार ग्रॅम दर उड्डाणाला वाहून न्यायचे.

वजनाचं हे वेड कुठवर जातं ते घरात उडवायच्या विमानांत दिसतं. रोमानियात स्लॅनिक इथे जमिनीखाली मिठाची प्रचंड खाण आहे. तिथल्या निश्चल हवेत अशा विमानांच्या जागतिक स्पर्धा झाल्या आहेत. रबराच्या पिळावर चालणारी ही विमानं रबर सोडून दीड ग्रॅमहूनही कमी वजनाची असतात आणि वीस-वीस मिनिटं, कधी त्याहूनही जास्त, हवेत तरंगतात. तिथे सिमेंट आणखी पातळ करून सुईच्या टोकाने लावतात. थेंब हे मापच तिथे अवाढव्य ठरतं.

या सगळ्यांवर पुन्हा हवेचा अंमल. नागपूरच्या मे महिन्यात पाच मिनिटांचं इपॉक्सी पाच मिनिटं थांबत नाही, घोटता घोटता काडी जड होते. रत्नागिरीच्या जुलैत सीए अधिकच उतावळा होतो, पांढरा गोंद मात्र आज लावला तर उद्याही ओलसर लागतो. पंखाच्या टिश्यू कागदावर मारलेला डोप, म्हणजे कागद ताणून धरणारं रोगण, दमट दिवशी धुरकट पांढरा पडतो. थर्माकोलचं विमान असेल तर हिशेबच निराळा. रबरी सोल्यूशन आणि साधा सीए थर्माकोल खाऊन खड्डा पाडतात. तिथे पांढरा गोंद, इपॉक्सी नाहीतर ग्लू गन. आणि ग्लू गनने जोडलेलं विमान भर दुपारी बंद गाडीत ठेवलं तर सांधे मऊ पडतात.

हा प्रश्न खेळण्यातल्या विमानांपुरता नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या डी हॅविलंड कंपनीने मॉस्किटो हे लढाऊ विमान लाकडाचं केलं. बर्चच्या प्लायचे दोन पापुद्रे आणि मधे आपलं बाल्सा. 25 नोव्हेंबर 1940 रोजी ते पहिल्यांदा उडालं. सुरुवातीला त्याचे सांधे केसीनने, म्हणजे दुधातल्या प्रथिनाच्या गोंदाने जोडत. पुढे यूरिया-फॉर्माल्डिहाइडचा कृत्रिम गोंद आला. 1944 च्या अखेरीस भारतात आणलेली काही मॉस्किटो हवेतच मोडली, माणसं गेली, आणि बाकीची विमानं जमिनीवर बसवून तपासावी लागली. कुणी इथल्या हवामानाकडे बोट दाखवलं, तर नंतरच्या चौकशीने बांधणीतल्या दोषाकडे. दोन लाकडं नीट टेकलीच नसतील तर बाटलीवर काय लिहिलंय याला अर्थ उरत नाही. आमच्या टेबलावरही तेच. गोंदावर खर्च करण्याआधी नवं ब्लेड घ्यावं.

निवड बरोबर होती का, हे विमान पडल्यावर कळतं. ते पडतंच. तुकडे गोळा करताना सुटलेल्या सांध्याची दोन तोंडं उजेडात धरून पाहावीत. दोन्ही गुळगुळीत, चकचकीत असतील तर गोंद लाकडात शिरलाच नव्हता. एका तोंडावर दुसऱ्या लाकडाचे तंतू मुळासकट उपटून आले असतील तर गोंद टिकला आणि लाकूड हरलं. याच्या पुढे बळ वाढवून काही हाती लागत नाही. लाकडाहून दसपट घट्ट सांधा केला तरी मोडणार ते शेजारचं लाकूडच, आणि ती जादा ताकद विमान तोवर ओझं म्हणून वागवत राहणार. सांधा लाकडापेक्षा रेसभर मजबूत असला की पुरे. ती रेस किती, हे जागेगणिक बदलतं, आणि ती ओळखू लागली की माणूस कुठला गोंद चांगला हे विचारायचं सोडून देतो.

विमानातला सगळ्यांत मोठा सांधा, पंख आणि फ्यूजलाज यांचा, कितीतरी शिकाऊ विमानांत चिकटवलेलाच नसतो. फ्यूजलाजमधून आरपार दोन बांबूच्या काड्या, आणि पंखावरून फुली मारून ताणलेले रबर बँड. उड्डाणात ते पंख घट्ट धरून ठेवतात. पंखाचं टोक जमिनीला लागलं की ताणतात, पंख सरकू देतात, प्रसंगी सोडून देतात, आणि पंखही वाचतो, अंगही वाचतं. इथे कुणी उत्साहाच्या भरात इपॉक्सी ओतलं तर पहिल्याच पडण्यात दोन्हींचा चुरा. तेव्हा गोंदांच्या यादीत काहीच न लावणं हाही एक पर्याय धरावा, आणि उडवायच्या आधी सांध्यांइतकंच लक्ष रबर बँडांकडे द्यावं. ताणून पाहावेत, भेगा दिसल्या तर सरळ फेकून द्यावेत. नवं पाकीट स्वस्तात मिळतं.