कुहीची दोन हॉटेले, दोन ताटे

नागपूरहून कुही सुमारे ४० किलोमीटर. माझी सासुरवाडी याच तालुक्यातली, म्हणून वर्षाकाठी दोन-तीन फेऱ्या ठरलेल्या. पण त्या फेऱ्या म्हणजे कोणाचे लग्न, कोणाची मयत, नाही तर १४ एप्रिलचा कार्यक्रम. दोघांनीच हिंडावे, बाहेर जेवावे आणि परत यावे, असे आमच्या २० वर्षांच्या संसारात कधी घडले नव्हते. यंदा लग्नाच्या वाढदिवसाला मुलगीच म्हणाली, "बाबा, एक दिवस आईला स्वयंपाकाची सुटी द्या."

सौ.ला विचारले, कुठे जायचे? वाटले, नागपुरातल्या एखाद्या मोठ्या हॉटेलचे नाव घेईल. ती म्हणाली, "कुहीले. आंभोऱ्याचा पूल पाहू अन् येताना स्टँडवर जेवू."

रविवारची एसटी धरली. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. वाचलेले पैसे सौ.ने वेगळे ठेवले. "हे माह्या जेवणाचे," म्हणाली.

वाटेत जुन्या छोट्या रेल्वेचा विषय निघाला. नागपूर-नागभीड ही नॅरोगेज लाईन कुहीवरून जात होती. रूळ रुंद करण्यासाठी ती २०१९ मध्ये बंद झाली. आमच्या लग्नाची वरात याच गाडीने इतवारीला परतली होती. कुही स्टेशनवर मी मित्रांबरोबर चहा-भजी खाल्ली. नव्या नवरीला कोणी विचारले नाही. मीही नाही. "तवापासूनची भूक हाय," असे सौ. हसत म्हणाली. मला मात्र हसू आले नाही.

कुहीला मेहुण्याची दुचाकी घेतली आणि आंभोऱ्याला गेलो. वैनगंगा, कन्हान आणि आणखी तीन नद्यांचा हा संगम. २०२४ च्या जानेवारीत येथे तारांनी तोललेला मोठा पूल सुरू झाला. नागपूर आणि भंडारा हे दोन जिल्हे त्याने जोडले. खाली जिकडे पाहावे तिकडे पाणी. हे गोसीखुर्द धरणाचे पाणी. धरणाचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले आणि पुढे याच पाण्यासाठी कुही तालुक्यातल्या अनेक गावांना आपली घरे-वावरे सोडावी लागली. पुलावर पोरेपोरी फोटो काढत होती. सौ. कठड्याला हात टेकून बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. या पाण्याखाली कोणाकोणाचे वावर गेले, ते तिला ठाऊक होते. मग म्हणाली, "चला, भूक लागली."

संध्याकाळी कुहीच्या स्टँडजवळ आलो. शेजारी शेजारी दोन हॉटेले. एक सावजी, दुसरे साधे शाकाहारी भोजनालय. मध्ये फक्त एक भिंत. मला पित्ताचा त्रास, डॉक्टरांनी तिखट बंद केलेले. म्हणून माझी पावले सवयीने भोजनालयाकडे वळली. सौ. जागीच थांबली.

"मी आज मटण खाईन," ती म्हणाली. "तुमी वरण-भात खा. शेजारीच तं हाय."

मी म्हणालो, "अगं, तिथे सगळे पुरुष बसले आहेत."

"मग? त्याईले जेवाले बसू द्या, आपणही बसू."

वाचकहो, मी १४ एप्रिलला स्त्री-पुरुष समतेवर भाषण करणारा माणूस. त्या वेळी मला खरेच उत्तर सुचले नाही. शेवटी असे ठरले की आधी तिच्या हॉटेलात जायचे, मग माझ्या.

सावजीत शिरताच सगळ्या माना वळल्या. मालक भला माणूस, पण तोही गडबडला. "वहिनी, पार्सल बांधून देऊ का?" सौ. म्हणाली, "नाही भाऊ, येथेच वाढा. गरम." आणि पंख्याखालच्या टेबलावर जाऊन बसली. मी समोर पाण्याचा गिलास घेऊन बसलो.

सावजी म्हणजे मुळात नागपूरच्या हलबा-कोष्टी विणकरांच्या घरचा स्वयंपाक. मागावर राबणाऱ्या कष्टकऱ्यांचे हे झणझणीत जेवण पुढे हॉटेलात आले. त्यातली मिरची मात्र आपल्याच भागातली. भिवापूर, उमरेड, कुही हा सगळा मिरचीचा पट्टा. हंगामात इकडे मिरचीचे सातरे लागतात. सातऱ्यावर बाया दिवसभर बसून लाल मिरचीचे देठ खुडतात. हाताची आग होते, डोळे चुरचुरतात, रात्री लेकराला जवळ घ्यायची सोय राहत नाही. माझ्या सासूबाईंनी कित्येक हंगाम हे काम केले.

पहिला घास घेतल्यावर सौ.च्या डोळ्यांत पाणी आले. "तिखट आहे का?" मी विचारले.

"नाही. माय आठवली. तिनं पोतेच्या पोते मिरची खुडली, पण या टेबलावर कधी बसली नाही."

मग तिने ताटातली नळी उचलली, ठोकली आणि मन लावून चोखली. मी पाहतच राहिलो. २० वर्षांत मला माहीत नव्हते की हिला नळी आवडते. कसे माहीत असणार? घरी मटण शिजले की नळी माझ्या ताटात. चांगले तुकडे मुलांना. हिच्या वाट्याला भांड्याला लागलेला रस्सा आणि थंड भाकर. आग्रह करून वाढणारी ती, आणि ती जेवली की नाही हे न पाहता हात धुणारा मी.

माझे वडील सांगत, त्यांच्या लहानपणी गावाकडच्या हॉटेलात आपल्या लोकांची कपबशी वेगळी टांगलेली असे. चहा बाहेर बसून प्यायचा आणि कपबशी आपणच धुवून ठेवायची. २६ जानेवारी १९५० पासून संविधानाच्या १५ व्या कलमाने हॉटेल आणि उपाहारगृह सर्वांना खुले केले. १ जून १९५५ पासून लागू झालेल्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने तर हॉटेलातली भांडी वापरू न देणे हासुद्धा गुन्हा ठरवला. १९७६ मध्ये त्यालाच नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. हा हक्क वडिलांच्या पिढीने घेतला आणि मी तो भरपूर उपभोगला. पण माझ्या घरात तो चुलीपर्यंत पोहोचलाच नव्हता. हॉटेलातली वेगळी कपबशी गेली, घरातले शेवटचे ताट राहिले.

याच नागपुरात २० जुलै १९४२ रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली होती. हजारो भगिनी जमल्या होत्या. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, त्याची गुलाम होऊ नये, असे बाबासाहेबांनी तेथे सांगितले. हा दाखला मी भाषणांत अनेकदा दिला. त्याचा अर्थ त्या दिवशी सावजीच्या टेबलावर समजला.

नंतर शेजारच्या भोजनालयात गेलो. मी वरण-भात आणि आलूची भाजी घेतली. आता सौ. समोर बसली होती. तिने जिलेबी मागवली आणि अर्धी माझ्या ताटात ठेवली. मी म्हणालो, "तूच खा." ती म्हणाली, "अर्धी तुमची, अर्धी माही. हिशोब तुमालेच जास्त समजते ना, बीकॉमवाले!" दोघेही हसलो. सावजीचे पैसे तिने आपल्या पर्समधून दिले होते, भोजनालयाचे मी दिले.

परतीच्या एसटीत तिचा डोळा लागला. बाहेर अंधार होता. मी मनाशी काही ठरवत होतो.

भगिनींनो आणि बंधूंनो, मोठ्या हॉटेलात जायला पैसे लागतात, हे खरे. पण आपल्या तालुक्याच्या स्टँडवर दोन ताटे परवडत नाहीत, असे घर आता थोडे. वर्षातून एकदा तरी घरधनिणीला बाहेर न्या. काय खायचे, ते तिला ठरवू द्या. आणि तेही जमत नसेल, तर येत्या रविवारी घरीच तिला आधी बसवा आणि गरम भाकर तुम्ही वाढा.

आमच्या घरी आता मटण शिजले की नळी कोणाची, हे विचारावे लागत नाही. एक तिची. दुसरी मिळाली, तर माझी.