पाणी सांभाळताना

मासे पाळणे म्हणजे खरे तर पाणी पाळणे होय. कुत्रा भुंकतो, मांजर पायांत घुटमळते, पोपट पिंजऱ्याच्या तारा हलवतो. त्यांची भूक आणि त्यांची नाराजी आपल्या कानांवर येते. मासा मात्र हाक मारत नाही. त्याचे सुखदुःख ओळखायचे ते पाण्यावरून आणि त्याच्या पोहण्यावरून. सोलापूरच्या आमच्या घरात गेली सहा वर्षे नांदणाऱ्या मोली माशांनी ही मूक भाषा मला थोडीफार शिकवली.

मोली हा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडील मासा. तेथील नद्या, डबकी आणि समुद्रालगतची मचूळ पाणथळे हे त्याचे माहेर. बोटभर लांबीचा, शांत स्वभावाचा. काजळासारखी काळी मोली निसर्गात अशी सहसा आढळत नाही. हौशी पालकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तो रंग पक्का केला. आज चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी शोभेच्या माशांची पैदास हा अनेक कुटुंबांचा व्यवसाय आहे आणि मोली तर गावोगावच्या दुकानांत दिसते.

आमच्या वसाहतीत बोअरचे पाणी येते. या पाण्याविषयी घरात कोणी चांगले बोलत नाही. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडांवर पांढरा थर साचतो. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हटलेले असते. मोलीला मात्र हेच पाणी मानवते, कारण त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. याउलट, पिण्यासाठी यंत्रातून गाळलेल्या पाण्यातील बहुतेक क्षार निघून जातात. नुसत्या तशा पाण्यात ठेवलेली मोली पुढे न सरकता एकाच जागी अंग हलवत राहते, जणू तिला हुडहुडी भरली आहे. आपल्याला जे शुद्ध वाटते, ते प्रत्येक जीवाला हितकर असतेच असे नाही, हे मला या माशांमुळे कळले.

आमची काचपेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच आहे. तिच्यात सुमारे ५० लिटर पाणी राहते. पेटी आणली त्याच दिवशी मासे सोडायचे नसतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो; तो विषारी असतो. काही उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि तळाच्या वाळूत वस्ती करतात. ती वस्ती वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या, निरोगी पेटीतील स्पंजाचा तुकडा नव्या फिल्टरमध्ये ठेवला तर हे काम लवकर होते. माझ्या आईने हे ऐकले आणि ती म्हणाली, “म्हणजे विरजणच की!” इतके नेमके वर्णन मला सुचले नसते.

विरजण जपावे तसे हे जिवाणूही जपावे लागतात. म्हणून आम्ही सगळे पाणी एकदम कधीच बदलत नाही. आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी काढतो आणि तेवढेच, त्याच तापमानाचे पाणी घालतो. स्पंज नळाखाली न धुता पेटीतून काढलेल्या पाण्यातच खंगाळतो. नगरपालिकेचे पाणी असेल तर त्यातील क्लोरीन औषधाने आधी नाहीसे करावे लागते. थंडीत पाणी २४ अंशांखाली जाऊ नये म्हणून हीटर लावतो. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवतो, नाहीतर नर एकाच मादीचा सतत पाठलाग करून तिला थकवतो. खाणे चिमूटभर, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच. अधूनमधून उकडलेल्या पालकाचे पान देतो. मोलीला शेवाळ आणि पाला मनापासून आवडतो.

तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यातील एका दुपारी वीज गेली ती पाच तास आली नाही. पंप थांबला. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे सगळे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागले. त्यांत एक काळी मादी होती, पोट चौकोनी फुगलेली, दिवस भरलेली. ती सर्वांत मागे, कोपऱ्यात कलली होती. आई उठली, तिने तांब्या घेतला आणि पेटीतीलच पाणी उचलून हातभर उंचीवरून संथ धारेने पुन्हा पेटीत सोडू लागली. धारेबरोबर हवा पाण्यात जात होती. आई थकली की मी, मी थकलो की माझी मुलगी, असा तो तांब्या दिवेलागणीपर्यंत फिरत राहिला. वीज आली तेव्हा काळी मादी अजून श्वास घेत होती.

चौथ्या दिवशी पाणवनस्पतींत डोळ्यांचे ठिपके दिसू लागले. मोली अंडी घालत नाही, पोहणारी पिले जन्माला घालते. मोठे मासे पिले गिळतात. दाट वनस्पतींच्या आश्रयाने आमची २३ पिले वाचली. आनंद झाला, पण काळजीही. एवढ्याशा पेटीत एवढे जीव मावणार कसे? शेजारचे आजोबा म्हणाले, “सिद्धेश्वर तलावात सोडा, पुण्य लागेल.” मी त्यांना नम्रपणे सांगितले, “आजोबा, हा मासा आपल्याकडचा नाही. तलावात तगला नाही तर त्याचा जीव जाईल. तगला तर तेथील माशांच्या तोंडचा घास जाईल.” आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तर मग आमच्या अंगणातल्या हौदासाठी सहा द्या. डासांच्या अळ्या तरी खातील.”

दीड महिन्याने पिले मोठी झाल्यावर आम्ही ती ओळखीच्या घरी दिली. तेव्हापासून प्रथाच पडली आहे. मासे मागायला कोणी आले, की माझी मुलगी पेटीकडे वळण्याआधी एकच प्रश्न विचारते, “तुमच्या घरी पाणी कोणते येते?”