एका मशीनवर दोन जावा

वस्तीत कोणी आमच्या नोकरीबद्दल विचारले की "कॉम्प्युटरवर असतो" एवढे सांगून आम्ही मोकळे होत असू. ऐकणाऱ्याला पुढचे समजणार नाही, असे आम्हीच ठरवून टाकले होते. पण २०२४ च्या नोव्हेंबरात आमच्या हातून एक चूक झाली आणि तिची झळ शेजारच्या मावशींच्या चुलीपर्यंत पोहोचली. तेव्हापासून वाटत होते, हे काम आपल्या माणसांना समजेल अशा भाषेत एकदा सांगावे. आणि सांगायचे तर चुकीसकट सांगावे.

आम्ही एका लहानशा कंपनीत सर्व्हर सांभाळतो. सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालू असणारा, अनेकांच्या कामाला येणारा संगणक. झाडलोट करणारे, पहारा देणारे, माल चढवणारे अशा ठेक्यावरच्या कामगारांची हजेरी आमच्या सर्व्हरवर जमा होते. महिना संपला की तिथूनच पगाराची यादी तयार होऊन बँकेकडे जाते. यादी अडली तर पगार अडतो. हातावर पोट असलेल्याला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पगाराचा आमचा प्रोग्रॅम जावा या भाषेत लिहिलेला आहे. असा प्रोग्रॅम आपला आपण चालत नाही, त्याला चालवणारा आणखी एक प्रोग्रॅम मशीनवर लागतो. त्यालाही जावाच म्हणतात. या जावाच्या आवृत्त्या निघत असतात. जावा ८ मार्च २०१४ मध्ये आला, जावा ११ सप्टेंबर २०१८ मध्ये आणि जावा १७ सप्टेंबर २०२१ मध्ये. आमचा प्रोग्रॅम जुना, जावा ८ वर पोसलेला.

त्या एकाच मशीनवर दोन कामकरी होते. एक टॉमकॅट, तो पगाराचा प्रोग्रॅम चालवतो. दुसरा जेन्किन्स, तो प्रोग्रॅममध्ये केलेली दुरुस्ती घेऊन नवा प्रोग्रॅम बांधून देतो. दुकानात एक माल विकणारा आणि मागे एक माल तयार करणारा असतो ना, तसेच हे. हे दोघेही जावावरच चालतात. आमचा जेन्किन्स बरीच वर्षे तसाच पडला होता. जुन्या आवृत्तीत चोराला शिरायला फटी राहतात, म्हणून तो बदलणे भाग होते. आणि जेन्किन्सची ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली मुख्य आवृत्ती जावा १७ च्या खाली चालतच नाही.

आम्ही काय केले? जावा १७ आणला आणि सगळ्या मशीनला सांगून टाकले की इथून पुढे जावा म्हणजे हाच. जेन्किन्स सुरू झाला. पगाराचा प्रोग्रॅमही चालूच होता. आम्ही समाधानाने घरी आलो. चालू असलेला प्रोग्रॅम सुरू होताना घेतलेला जावाच धरून बसतो, नवा जावा तो पुढच्या वेळी सुरू होतानाच घेतो, हे आम्हाला माहीत असूनही त्या दिवशी सुचले नाही.

काही दिवसांनी, नेमकी पगाराच्या यादीच्या आदल्या रात्री, मशीन बंद करून पुन्हा चालू केले गेले. टॉमकॅटला कोणता जावा घ्यायचा हे कोणी लिहून दिलेच नव्हते, समोर दिसला तो त्याने घेतला. टॉमकॅट स्वतः सुरू झाला, पण पगाराचा प्रोग्रॅम उठेना. त्याला लागणारा जॅक्सबी नावाचा एक भाग जावा ८ मध्ये आतच असतो. जावा ११ पासून तो काढून टाकलेला आहे.

सकाळी धावपळ उडाली आणि घाईत आणखी एक घोळ झाला. आम्ही सर्व्हर मागे नेऊन जावा ८ वर आणला. त्याच वेळी आमच्या सोबत्याने तो हरवलेला भाग बाहेरून जोडला आणि प्रोग्रॅम जावा १७ साठी नव्याने बांधला. एकाने सर्व्हर मागे नेला, दुसऱ्याने प्रोग्रॅम पुढे नेला. दोघेही एकमेकांना न विचारता! जावा ८ ला ५२ क्रमांकापर्यंतच्याच फायली वाचता येतात आणि नव्या फायली होत्या ६१ क्रमांकाच्या. पुन्हा सगळे ठप्प. शेवटी जुनाच प्रोग्रॅम जावा ८ वर चढवला आणि यादी निघाली. पण तोवर शुक्रवारची संध्याकाळ झाली होती. मध्ये दुसरा शनिवार आणि रविवार आला. पगार सोमवारी जमा झाला.

शनिवारी सकाळी मावशी मोबाईल घेऊन दारात आल्या. "बाळा, बघ की पगार पडला का." आम्ही पाहिले. पडला नव्हता. "ठेकेदारानंच अडवला असंल," असे म्हणून त्या दुकानदाराला थांबायला सांगायला निघून गेल्या. आम्ही तोंडातून शब्द काढला नाही. चूक आमची आणि बोल दुसऱ्याला लागला. कामातल्या चुकीपेक्षा ते गप्प राहणे आम्हाला जास्त लागले.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांच्या घरी जाऊन सगळे सांगितले. मावशी एका ऑफिसात साफसफाई करतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आमच्यात संडासाचा मॉप निराळा, पँट्रीचा निराळा. दांड्याला रंग लावलेला असतो, म्हणजे नवीन बाईसुद्धा चुकत नाही. तुमच्यात लावत नाहीत का?"

आम्ही लावत नव्हतो, हेच खरे.

आता दोन्ही जावा आपापल्या वेगळ्या जागी ठेवले आहेत. टॉमकॅटच्या स्वतःच्या फाईलमध्ये जावा ८ चा पूर्ण पत्ता लिहिला आहे आणि जेन्किन्सच्या फाईलमध्ये जावा १७ चा. तिसरी गोष्टही लिहिली आहे, ती म्हणजे जेन्किन्स स्वतः १७ वर चालला तरी पगाराचा प्रोग्रॅम त्याने जावा ८ साठीच बांधायचा. अवजाराचा जावा वेगळा, माल ज्यासाठी बनवायचा तो जावा वेगळा आणि माल चालवणारा जावा वेगळा. समोर दिसेल तो घ्यायचा, हा कारभार बंद झाला. कोण काय वापरतो याचा कागद भिंतीवर लावला आहे, लाल आणि हिरव्या शाईत. बदल केला की पगाराच्या दिवसांपासून दूर, भरदिवसा मशीन मुद्दाम बंद-चालू करून पाहतो. जावा ८ जन्मभर ठेवायचा नाही, प्रोग्रॅम पुढे नेण्याचे कामही हाती घेतले आहे. पण ते स्वतंत्र मशीनवर, नीट तपासून.

वाचक बंधू-भगिनींनो, आज आपली मुले-मुली संगणकाच्या कामात शिरत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की सामाईक मशीनवर हात ठेवण्याआधी ते कोणाकोणाचे आहे हे विचारा, केलेला बदल लिहून ठेवा आणि चूक झाली तर ज्याचे नुकसान झाले त्याच्या दारात जाऊन सांगा. आणि घरातल्या मोठ्यांना विनंती आहे की पोरांना त्यांचे काम विचारत जा. समजणार नाही म्हणून सोडून देऊ नका. आम्हाला जे सुचले नव्हते, ते मावशींनी एका वाक्यात सांगितले.