हिशेब मागणारे बेट : आइसलँड, २०१६

रेक्याविक नगरीच्या मध्यभागी आउस्तुरव्होत्लुर नावाचे एक लहानसे मैदान आहे. हिरवळीच्या मधोमध स्वातंत्र्यनेते योन सिगुर्दसन यांचा पुतळा उभा असून त्याची दृष्टी समोरच्या संसद भवनावर स्थिरावलेली आहे. १८८१ साली काळसर दगडात बांधलेली ती वास्तू पाहून आपल्याकडील एखाद्या जुन्या मामलेदार कचेरीची आठवण व्हावी. मात्र या छोट्या मैदानावर एका राष्ट्राने आपल्या कारभाऱ्यांकडून दोनदा जाब घेतला आहे.

२०१६ साली आइसलँडची लोकसंख्या सुमारे ३ लाख ३२ हजार होती. आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीत याहून अधिक माणसे राहतात. एवढ्याशा देशाच्या त्या एका वर्षाची कथा पेढीवर वाढलेल्या वाचकाला विशेष जवळची वाटेल. कारण तिचा विषय एकच आहे : पत.

कथेचे मूळ २००८ सालात आहे. त्या ऑक्टोबरात देशातील तीन मोठ्या बँका अवघ्या एका आठवड्यात कोसळल्या. त्यांचा पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे दसपट झाला होता. भांडवल थोडे आणि उलाढाल अफाट, अशा दुकानाचे जे होते तेच झाले. चलनाचे मोल घसरले, अनेकांच्या गृहकर्जाचे ओझे वाढले. लोक भांडी वाजवीत याच मैदानावर जमले आणि २००९ च्या आरंभी सरकार गेले. बंदरावर त्या वेळी हार्पा या संगीतगृहाचा अर्धवट सांगाडा उभा होता. पैसा आटला होता, तरी शासनाने आणि नगरपालिकेने ते काम अंगावर घेतले. २०११ साली ते खुले झाले. आज समुद्राचा प्रकाश झेलणाऱ्या त्याच्या काचेच्या भिंती पाहताना प्रवाशाला वैभवापेक्षा या राष्ट्राची चिकाटीच अधिक जाणवते.

एप्रिल २०१६ मध्ये पनामा कागदपत्रे उघड झाली. पंतप्रधान सिग्मुंदुर गुन्लौगसन यांच्या पत्नीच्या नावे परदेशात एक कंपनी होती आणि पूर्वी तिचा निम्मा हिस्सा स्वतः त्यांच्याकडे होता. आम्ही सर्व कर भरले आहेत, असे दोघांनीही सांगितले. परंतु लोकांचा प्रश्न केवळ कराचा नव्हता. त्या कंपनीचे बुडालेल्या बँकांकडे येणे होते आणि त्याच बँकांच्या धनकोंशी तडजोड करण्याचे काम पंतप्रधानांच्या सरकारकडे होते. म्हणजे लवादाच्या गादीवर बसलेल्या माणसाच्या घरचेच येणे त्या तंट्यात अडकलेले, आणि ते त्याने पंचांसमोर सांगितलेले नाही! ४ एप्रिलला हजारो लोक मैदानावर उतरले. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान पदावरून दूर होणार असल्याचे जाहीर झाले.

या देशात उघड्यावर बोलण्याची रीत जुनी आहे. राजधानीच्या पूर्वेस थिंगवेत्लिर येथे इसवी सन ९३० मध्ये अल्थिंग, म्हणजे लोकसभा, भरू लागली. तेथे खडकावर उभे राहून कायदे मोठ्याने म्हणून दाखविले जात. नियम सर्वांच्या कानांवर पडलेला असला, की तो एकट्यासाठी वाकविणे कठीण जाते.

जूनमध्ये त्याच देशाचे दुसरे रूप जगाने पाहिले. २५ जूनला इतिहासाचे अध्यापक गुदनी योहानेसन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. दोनच दिवसांनी फ्रान्समधील नीस येथे आइसलँडच्या फुटबॉल संघाने इंग्लंडला २-१ असे हरविले. युरोपीय स्पर्धेच्या अंतिम फेऱ्यांत हा संघ प्रथमच खेळत होता. दोन प्रशिक्षकांपैकी हेमिर हाल्ग्रिमसन हे व्यवसायाने दंतवैद्य होते. हा चमत्कार नव्हता. बर्फाळ हिवाळ्यातही मुलांना खेळता यावे म्हणून २००० सालापासून आच्छादित मैदाने बांधली गेली आणि गावोगावच्या प्रशिक्षकांना रीतसर शिक्षण मिळाले. ती दीर्घ मुदतीची ठेव होती, तिचे व्याज त्या उन्हाळ्यात हाती आले. पुढच्या सामन्यात यजमान फ्रान्सने ५-२ असा पराभव केला, तरीही घरी परतलेल्या संघाच्या स्वागतास राजधानीत अलोट गर्दी लोटली. डोक्यावर हात नेऊन एक टाळी, मग निःशब्दता, मग पुन्हा टाळी. एप्रिलमध्ये संतापाने एकत्र आलेली माणसे जुलैमध्ये अभिमानाने एकत्र आली.

२४ ऑक्टोबरला दुपारी २ वाजून ३८ मिनिटांनी स्त्रियांनी काम थांबविले. पुरुषांच्या तुलनेत मिळणारे वेतन पाहता, त्या वेळेनंतरचे काम फुकटच होते, असा त्यांचा हिशेब होता. पाच दिवसांनी निवडणूक झाली. ६३ पैकी ३० जागांवर स्त्रिया निवडून आल्या, पायउतार झालेल्या पंतप्रधानांचा पक्ष १९ जागांवरून ८ वर आला. मात्र सर्वाधिक जागा ज्या पक्षाला मिळाल्या, त्याच्या नेत्याचे नावही त्या कागदपत्रांत होते. लोकांनी सारे खाते एका फटक्यात चुकते केले, असे म्हणता येणार नाही.

वर्षाच्या अखेरीस तेथे पुस्तकांचा पूर येतो. नव्या पुस्तकांची सूची प्रसिद्ध होते आणि २४ डिसेंबरच्या रात्री घरातील माणसे एकमेकांना पुस्तके भेट देतात. त्या दीर्घ अंधारात, दिव्याशेजारी वाचीत बसलेल्या कुटुंबाचे चित्र मनात आणले, की या लहान राष्ट्राचे बळ कशात आहे ते उमगते. वाचणाऱ्याला वहीही वाचता येते.

आपल्या घरांत दिवाळीला नवी वही उघडतात, पण जुनी मिटविल्याशिवाय नाही. आइसलँडची जुनी वही २०१६ मध्ये पूर्ण मिटली नाही. पण ती सर्वांसमोर उघडली गेली, आणि कारभारी कितीही मोठा असला तरी वही पाहण्याचा हक्क साऱ्या घराचा आहे, हे त्या मैदानावर ठरले.