आजीच्या डोळ्यातील धुके

आजीच्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढला, त्या दिवशी आम्हा भावंडांच्या आनंदाला पारावार नव्हता. आता गच्चीवरून आजी महाकालेश्वराचे शिखर पाहणार! परंतु पट्टी निघाली आणि आजी म्हणाली, "अरे, क्षिप्रेवरचे धुके घरात शिरले की काय?"

डोळ्यात थेंब घालण्याचे काम आमच्याकडे होते. एके दिवशी पतंगांच्या नादात संध्याकाळचे थेंब राहिले. दुसऱ्या सकाळी आजीला भिंतीवरील दिनदर्शिकाही दिसेना. आमचे धाबे दणाणले. डॉक्टरांपुढे आम्ही रडवेल्या स्वरात अपराध कबूल केला.

डॉक्टर म्हणाले, "थेंब चुकवू नका, पण धुक्याचे मूळ निराळे आहे." डोळ्याच्या दर्शनी भागी पारपटल असते, मध्यभागी त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. त्याच्या आतल्या बाजूस पेशींचा एकच थर असतो. या पेशी पारपटलात मुरणारे पाणी अहोरात्र उपसतात. कठीण मोतीबिंदू काढताना त्यांना इजा झाली, तर पाणी साचून पारपटल सुजते. रात्री पापण्या मिटलेल्या असल्याने पाणी उडून जात नाही. म्हणून धुके सकाळी दाट, दुपारी विरळ. मेलेल्या पेशी पुन्हा येत नाहीत. उरलेल्या पसरून त्यांची जागा भरतात.

सूज उतरण्यासाठी खारट थेंब मिळाले. आजी हसून म्हणाली, "कैरीला मीठ लावले की पाणी सुटते, तसेच हे!"

त्यानंतर आम्ही एकही वेळ चुकवली नाही. दिनदर्शिकेवरील आकडे आजीला प्रथम दुपारी बाराला दिसू लागले, मग दहाला, मग आठला. सहाव्या आठवड्यात तिने पहाटेच्या उजेडात तिथी वाचली!

"सूज उतरलीच नसती तर?" आम्ही विचारले. डॉक्टर म्हणाले, "मग दुसऱ्याच्या पारपटलाचे रोपण." 1960 साली आपल्या शेजारच्या इंदूरमध्येच डॉ. धांडा यांनी यशस्वी पारपटलरोपण केले होते, हेही त्यांनी सांगितले. त्यासाठी मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावे लागते.

आजी क्षणभर स्तब्ध राहिली. मग म्हणाली, "माझे धुके आपोआप सरले. ज्यांचे सरत नाही, त्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?" त्याच आठवड्यात घरातील सर्व वडीलधाऱ्यांनी नेत्रदानाचे अर्ज भरले. आपले डोळे आपल्यामागेही कोणाला तरी शिखर दाखवू शकतात, हा धडा आम्ही आजीकडून शिकलो.