वेरूळास उतरावें कोठें?

प्रवासास निघतांना घरांत वाद होतो तो बहुधा काय पाहावें याविषयीं नसतो. उतरावें कोठें याविषयीं असतो. काय पाहावें हें पुस्तकांत छापलेलें असतें. उतरण्याचें ठिकाण मात्र ज्याच्या त्याच्या स्वभावावर जातें. काटकसरी मनुष्य धर्मशाळा शोधतो, हौशी मनुष्य तारांकित हॉटेल शोधतो, आणि दोघेही आपापल्या निवडीस शहाणपण म्हणतात. आमच्या घरीं असाच वाद झाला. त्यांत आम्ही जिंकलों. परंतु त्या विजयाची किंमत आमच्या वहिनींना द्यावी लागली. ती हकीकत वाचकांपुढें मांडावी असें बरेच दिवस मनांत होतें.

वहिनींचें वय ७८. आमच्या मातोश्री लवकर निवर्तल्या, तेव्हांपासून घराचा सारा भार त्यांनींच वाहिला. आमच्या वडीलबंधूंनीं तरुणपणीं वेरूळ पाहिलें होतें. कैलास लेण्याचें वर्णन ते जेवतांना अनेकदां करीत, आणि "तुला एकदां नेईन" असें म्हणून तें संपवीत. तो योग आला नाहीं. बंधू जाऊन आतां नऊ वर्षें झालीं. वहिनींनीं स्वतःसाठीं कधीं कांहीं मागितल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. पण दोन वर्षांपूर्वीं माघाच्या आरंभीं त्या म्हणाल्या, "भाऊजी, गुडघे चालताहेत तोंवर घृष्णेश्वराचें दर्शन आणि तें लेणें, एवढें व्हावें."

मंडळी उत्साहानें तयारीस लागली. पुण्याहून छत्रपति संभाजीनगर सुमारें २३५ किलोमीटर, आणि तेथून वेरूळ सुमारें ३०. हें शहर पूर्वीं औरंगाबाद म्हणून ओळखलें जाई. आमच्या पुतण्यानें शहरांतील एक तारांकित हॉटेल सुचविलें. त्याचें एका रात्रीचें भाडें ऐकून आमच्यांतील जुना शाळामास्तर जागा झाला. आयुष्यभर विद्यार्थ्यांना सहलीस नेलें तें धर्मशाळांतून. सतरंजीवर निजूनही देवगिरीचा किल्ला तेवढाच उंच दिसला! शिवाय धर्मशाळेंत सोंवळ्याओंवळ्याची अडचण नाहीं, हा मुद्दाही आम्हीं पुढें केला. पुतण्या मुकाट्यानें "बरें, काका" म्हणाला. वहिनींना कोणीं विचारलेंच नाहीं.

रविवारीं सायंकाळीं आम्ही शहरांतील एका धर्मशाळेंत उतरलों. जागा स्वच्छ होती, व्यवस्थापकही भला मनुष्य होता. खोली दुसऱ्या मजल्यावर होती, निजण्यास जमिनीवर गाद्या होत्या, आणि शौचकूप खालीं चौकाच्या पलीकडे, बसण्याचें, जुन्या पद्धतीचें होतें. आम्हांस त्यांत कांहींच उणें दिसलें नाहीं.

सोमवारीं निघण्यास नऊ वाजले. वाटेंत दौलताबादच्या जुन्या वेशीपाशीं वाहनांची कोंडी झाली होती. पुढें खुलदाबादचा चढ आणि नंतरचा उतार ओलांडून वेरूळास पोंचलों, तों ऊन तापलें होतें. सोमवार हा शंकराचा वार. घृष्णेश्वराच्या दारीं रांग लागलेली. हें बारा ज्योतिर्लिंगांपैकीं एक. देवळाचा आजचा जीर्णोद्धार अठराव्या शतकांत पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनीं केलेला आहे. गाभाऱ्यांत जातांना पुरुषांनीं अंगांतील वस्त्र काढावयाचें, हा तेथील नियम. दर्शन उत्तम झालें. परंतु कैलास लेण्याच्या दाराशीं आलों तेव्हां एक वाजून गेला होता. दारांतून दोन पावलें आंत टाकलीं न टाकलीं तोंच वहिनींना घेरी आली. सूनबाईनें सांवरलें म्हणून पडल्या नाहींत. सावलींत बसवून पाणी पाजलें, आणि तशाच परत निघालों. त्या एवढेंच म्हणाल्या, "दार तर पाहिलें."

रात्रीं सूनबाईनें आमच्यापुढें पाण्याची बाटली आणून ठेवली. ती सकाळीं वहिनींच्या पिशवींत भरून दिलेली, अजून गळ्यापर्यंत भरलेलीच होती. "काका, आईंनीं काल संध्याकाळपासून घोटभर चहाखेरीज कांहीं घेतलेलें नाहीं. पाणी प्यायलें तर खालीं जावें लागेल, बसलें तर उठतां येणार नाहीं, आणि रात्रीं कोणाला उठवायचें, म्हणून." ती रागावून बोलली असती तर बरें वाटलें असतें. तिचा स्वर अगदीं शांत होता. आमच्यानें उत्तर देववलें नाहीं. ज्या बाईनें आमच्या मुलांचीं आजारपणें रात्र रात्र जागून काढलीं, तिला एका रात्रीं आपणांस उठवण्याचा संकोच वाटावा, आणि आपल्याला त्याचा पत्ताही असूं नये!

सकाळीं पुन्हां जाऊं म्हटलें, तर तो मंगळवार निघाला. वेरूळचीं लेणीं मंगळवारीं बंद असतात, जशीं अजिंठ्याचीं सोमवारीं. हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. पंचांग पाहून निघणाऱ्या आम्हीं तो वार मात्र लक्षांत घेतला नव्हता. आम्ही परतलों.

त्यानंतर दहा महिने आमच्या मनांत एकच विचार घोळत होता: पुतण्याचें ऐकलें असतें तर? न्यायानें पाहतां त्याचें हॉटेलही पुरें पडलें नसतें. तेथें उद्वाहक मिळाला असता, कमोड मिळाला असता, पलंग मिळाला असता. पण ते ३० किलोमीटर, ती कोंडी आणि तें दुपारचें ऊन टळलें नसतें. तो हॉटेलचे तारे मोजीत होता, आम्ही पैसे मोजीत होतों. प्रवास कोणासाठीं आहे हें दोघांनींही मोजलें नाहीं.

मग गेल्या मार्गशीर्षांत पुन्हां बेत ठरला तेव्हां उतरण्याचें ठिकाण निवडण्याचें काम आम्हीं सूनबाईकडे सोंपविलें. तिनें वेरूळ गांवांतीलच चारपांच ठिकाणांचे दूरध्वनि क्रमांक मिळविले आणि प्रत्येकास तेच प्रश्न विचारले. ते येथें देतों, कारण ज्यांच्या घरांत वृद्ध माणसें आहेत त्यांना ते कोठेंही उपयोगी पडतील. खोली तळमजल्यावर आहे काय, आणि मोटार उभी राहते तेथून दारापर्यंत पायऱ्या किती? शौचकूप खोलींतच व कमोडचा आहे काय, आणि उठतांना धरण्यास भिंतीस कांहीं आहे काय? पलंग फार उंच किंवा फार मऊ तर नाहीं? ऊन पाणी पहांटे मिळतें कीं आठानंतर? रात्रीं साधा वरणभात किती वाजेपर्यंत मिळेल? आणि शेवटचा प्रश्न: लेण्यांचें दार तेथून किती मिनिटांवर? छायाचित्रें तिनें पाहिलीं, पण त्यांवर विसंबली नाहीं. "चित्रांत पडदे दिसतात, काका, पायऱ्या दिसत नाहींत," असें ती म्हणाली. एका ठिकाणच्या मनुष्यानें फोन हातीं धरूनच पायऱ्या मोजल्या व "तीन" असें सांगितलें. तेंच ठिकाण तिनें पसंत केलें. भाडें धर्मशाळेहून अधिक व तारांकित हॉटेलाहून पुष्कळ कमी होतें.

बुधवारीं सायंकाळीं पोंचलों. गुरुवारीं पहांटे स्नान करून वहिनी देवळांत गेल्या, गर्दी नव्हती. आठ वाजतां परत खोलीवर. न्याहारी, जेवण, आणि मग दोन तास झोप. शहरांतून आलों असतों तर ही झोप मिळाली नसती, आणि आमच्या मतें त्या सबंध प्रवासांत तिच्याइतकी मोलाची गोष्ट दुसरी नव्हती. साडेतीनास निघालों. कैलास लेण्याचें तोंड पश्चिमेकडे. उतरतें ऊन समोरून आंत येतें आणि सकाळीं काळसर दिसणारा पाषाण तांबूस होतो. मंगळवार सोडून सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत लेणीं उघडीं असतात. म्हणून जवळ राहणाऱ्यासच हा समय निवडतां येतो.

लेण्याचें वर्णन काय करावें! राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं, आठव्या शतकांत, डोंगर वरून खालीं खोदीत आणून त्यांतून हें सबंध देऊळ मोकळें केलें. मागील कडा सुमारें शंभर फूट उंच आहे. दगडावर दगड रचलेला नाहीं; जें नको तें काढून टाकलें, आणि राहिलें तें देऊळ. वहिनी हळूहळू प्रदक्षिणेस निघाल्या. दक्षिणेच्या अंगास रावण कैलास हालवितो आहे तें शिल्प आहे. वर पार्वती घाबरून शंकरास बिलगली आहे. तेथें त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. "हें त्यांनीं सांगितलेलें तस्सें आहे," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानें पुन्हां म्हणाल्या, "रावणाला वीस हात असल्याचें मात्र मींच पहिल्यानें मोजलें." आम्हीं पदराकडे पाहिलें नाहीं. सूनबाईच्या हातांतील बाटली निम्मी रिकामी झाली होती.

शुक्रवारीं निघण्यापूर्वीं बौद्ध लेणीं पाहिलीं. वेरूळास लेणीं एकूण ३४. पहिलीं १२ बौद्धांचीं, पुढील १७ वैदिक धर्माचीं आणि शेवटचीं ५ जैनांचीं. 'तीन ताल' म्हणतात त्या बाराव्या लेण्यांत तळमजल्यावर भिक्षूंच्या निवासाच्या खोल्या आहेत, त्यांत निजण्यासाठीं दगडांतच कोरलेले ओटे. वहिनी एका ओट्यावर हात फिरवून हंसल्या, "येथें ऊन पाणी किती वाजतां, असें कोणीं विचारलें नसेल!"

आम्हांस मात्र दुसरीच गोष्ट आठवली. राजगृहाच्या बिंबिसार राजास भगवान बुद्धांना राहण्यास जागा द्यावयाची होती, तेव्हां त्यानें काय विचार केला हें पाली ग्रंथांत सांगितलें आहे. जागा गांवापासून फार दूर नसावी, फार जवळही नसावी. येण्याजाण्यास सोयीची, दिवसा गर्दी नसलेली व रात्रीं निवांत असावी. म्हणून त्यानें आपलें वेळुवन दिलें. राजाजवळ वाड्यांची उणीव थोडीच होती! पण राहावयाचें कोणास आहे, हें त्यानें आधीं मनांत आणलें.

ज्यांना वेरूळाबरोबर सुमारें शंभर किलोमीटरांवरील अजिंठाही पाहावयाचा आहे, किंवा जे रात्रीं आगगाडीनें पोंचतात, त्यांनीं शहरांत उतरणेंच योग्य. तेथें वैद्यकीय मदतही हाताशीं असते. महाशिवरात्र व श्रावणांतील सोमवार या दिवशीं वेरूळ गांवांत खोली मिळणें कठीण, तेव्हां तेही टाळावें. परंतु बरोबर वृद्ध माणूस असेल आणि लेणीं व घृष्णेश्वर एवढाच हेतु असेल, तर एक रात्र तरी वेरूळासच काढावी. पैशाचा विचार नंतर करावा, ताऱ्यांचा त्याहून नंतर. आधीं मंडळींतील सर्वांत अशक्त माणसापाशीं जाऊन बसावें, आणि काय लागेल तें विचारावें. तें माणूस पहिल्यानें "मला कांहीं नको" असेंच म्हणेल. तेव्हां उठूं नये.